मोहरीतला पिवळा धोत्रा

दुर्गाबाई मागच्या दाराशी आली तेव्हा तिच्या पायांत नवऱ्याच्या चपला होत्या.

"बघा की ताई, माझ्या पायतानात पाय शिरना गेलाय," ती हसत म्हणाली. "पंधरा दिस झाले, मालकाचं घालून फिरायलेय."

पायरीवर बसताना तिला धाप लागली. मंजुषाच्या ते लक्षात आलं. तिनं खाली बसून दुर्गाबाईच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. मळलेल्या कणकेत राहावा तसा खड्डा तिथे राहिला. कातडी तांबूस होती आणि हाताला चटका बसावा इतकी गरम.

दुर्गाबाई लातूरकडची. मंजुषाच्या सासऱ्यांच्या, सोपानरावांच्या बंगल्यामागच्या भाड्याच्या बावीस खोल्यांपैकी चौथ्या खोलीत ती आणि तिचा नवरा दत्तोबा राहायचे. दत्तोबा एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, आणि दुर्गाबाई आसपासच्या खोल्यांतल्या बिहारी, झारखंडी कामगारांचे डबे करायची.

"तुम्हालाच होतंय की आणखी कुणाला?"

"एकटीला कुठलं! डबेवाल्यांतल्या सहा जणांचे पाय असेच झालेत. डॉक्टर म्हणतो, बारा तास उभं राहता म्हणून सुजतात. आता मी कुठं कंपनीत उभी राहायलेय?"

"आणि दत्तोबा?"

"त्यांना काय धाड भरलीय! ते दोन महिन्यांपासनं कंपनीच्या कँटीनात जेवतेत."

मंजुषानं विचारलं, "डब्याला तेल कुठलं वापरता?"

"सरसूचं, म्हंजी मोहरीचं. त्या पोरांना त्याच्याबिगर गोड लागंना. तुमचंच की ताई, तुमचा फोटो असलेलं."

मंजुषा लग्नाआधी संत तुकाराम नगरात वाढली होती. वडील कंपनीत फिटर. तिनं वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि चाकणच्या एका कॉलेजात दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. मग निघोज्याचं हे स्थळ आलं. कंपन्यांना जमीन देऊनही पाच एकर राखून असलेलं जुनं घर, एकुलता एक मुलगा रणजीत. लग्नानंतर कुणी तिला नोकरी सोड म्हणालं नाही. "एवढ्याशा तासांसाठी कशाला धावपळ?" इतकंच सासूबाई, शालनबाई, म्हणाल्या. ड्रायव्हर कधी मोकळा नसायचा, स्कूटीची चावी कधी सापडायची नाही, आणि एका जूनमध्ये कॉलेजनं दुसरी बाई घेतली. या घरात कुणी कुणावर ओरडत नसे. नुसती दारं हळूहळू लोटली जात.

दोन वर्षांपूर्वी रणजीतनं लाकडी घाणा टाकला. लायसन्स बायकोच्या नावानं काढलं, कारण महिला उद्योजक म्हटलं की कामं लवकर होतात. बाटलीच्या लेबलवर नऊवारीतली मंजुषा ओंजळीत मोहरी घेऊन हसत होती. प्रत्यक्षात ती घाण्यावर तीनदाच गेली होती, तिन्ही वेळा फोटोसाठी. घरातला स्वयंपाकही शेंगदाण्याच्या तेलातच व्हायचा.

दुर्गाबाईला तिनं बजावलं, "आजपासून ते तेल बंद करा. सगळ्यांना सांगा. आणि मोठ्या दवाखान्यात जा."

"तेलात काय झालंय ताई?"

"अजून माहीत नाही. पण बंद करा."

दुर्गाबाई मान हलवून गेली, पण तिच्या चेहऱ्यावर शंका होती. घरचीच मालकीण आपल्याच तेलाला नावं ठेवते म्हणजे काय, असं तिला वाटलं असावं.

मंजुषानं फडताळातून मोहरीची बरणी काढली. औंदाची, शेतातलीच मोहरी. कॉलेजच्या वेळचं भिंग कपाटाच्या तळाशी एका डबीत होतं. तिनं स्टीलच्या ताटात चिमूटभर मोहरी पसरली आणि खिडकीपाशी नेली. नुसत्या डोळ्यांना सगळे दाणे सारखे दिसत होते. भिंगाखाली मात्र त्यांत दोन जाती होत्या. एक गुळगुळीत, गोल. दुसरी काळपट, खरखरीत, अंगावर जाळी विणल्यासारखी. तिनं सुईनं दाणे वेगळे केले. शंभरात सहा दाणे जाळीचे निघाले.

हे बी तिनं ओळखलं. दोन वर्षं मुलांना ती हेच शिकवत होती. पिवळा धोत्रा, म्हणजे गावाकडची बिलायत. नाव धोत्र्याचं असलं तरी कूळ अफूचं, खसखशीचं. मोहरीबरोबर हे बी घाण्यात गेलं की तेलात विष उतरतं. पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं, काहींची नजर जाते. परीक्षेत दरवर्षी तिथे चार गुणांचा प्रश्न असायचा.

तरी तिला झाड बघायचं होतं. बरणीत बाहेरची, विकतची मोहरी मिसळली असेल, अशी आशा तिला अजून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानराव नेहमीसारखे शेताकडे निघाले तेव्हा ती म्हणाली, "आबा, मी येऊ का?"

शालनबाई आतून म्हणाल्या, "ऊन किती पडलंय! काय हाय तिथं बघाया?"

"यू दे की," सोपानराव म्हणाले. "बसंल गाडीत."

शेताच्या तिन्ही बाजूंना आता कंपन्यांच्या पत्र्याच्या भिंती होत्या. मोहरी कापून झाली होती, नुसती खुंटं उरली होती. पण बांध पिवळाधमक होता. मंजुषा साडी सावरत बांधावर गेली आणि उकिडवी बसली. निळसर हिरवी पानं, शिरांवर चुना सांडल्यासारखे पांढरे पट्टे, कडेला काटे. सहा पाकळ्यांचं कागदासारखं पातळ पिवळं फूल. काटेरी बोंडं वाळून टोकाशी फुटली होती. तिनं एक देठ मोडला. मोडल्या जागी हळदीसारखा चीक आला.

"बिलायत हाय ती," मागून सोपानराव म्हणाले. "आपल्याच मातीतलं झाड. आमी ल्हानपणी हा चीक खरजंला लावायचो."

"आपल्या मातीतलं नाही आबा. समुद्रापलीकडून आलंय, म्हणून तर बिलायत म्हणतात. मोहरीत पण होतं का हे?"

"असंल की. पयलं खुरपणीला बाया असायच्या, एक रोप ऱ्हाऊ द्यायच्या न्हाईत. औंदा बाया कुठनं आणायच्या? समद्या कंपनीत. रणजीतनं हार्वेस्टर घातला. उभं व्हतं ते समदं आत गेलं."

मंजुषानं एक वाळलं बोंड तळहातावर उपडं केलं. काळे दाणे पडले. पदराच्या टोकाला बांधलेलं भिंग काढून तिनं ते सासऱ्यांच्या हातात दिलं आणि कालचे सहा दाणे शेजारी ठेवले.

"बघा आबा. एकच आहेत का?"

म्हाताऱ्यानं बराच वेळ बघितलं. दुर्गाबाईचे पाय, डबेवाले, तेल, सगळं तिनं त्यांना सांगितलं. शेवटी भिंग परत देत सोपानराव म्हणाले, "रणजीतला आत्ता सांगू नगंस. येळ बघून मी बोलतो."

"वेळ नाहीये आबा."

"त्येला राग येतो पोरी. मी बोलतो म्हणलं ना."

ते बोलले नाहीत. दुपारी जेवताना मंजुषाच बोलली. रणजीत आधी हसला. मग तिनं मोहरीचं ताट पुढे ठेवलं, भिंग दिलं. त्यानं भिंग हातात घेतलं नाही.

"किती बाटल्या गेल्यात माहितीये? चारशे," तो म्हणाला. "दोन कंपन्यांच्या कँटीनशी बोलणं चाललंय. आणि तू मला भिंग दाखवतेस?"

"चारशे बाटल्या परत मागवा. उरलेलं तेल ओतून टाका. लोकांना सांगा."

"काय सांगू? की आम्ही विष विकलं?"

"अहो, माणसं आजारी आहेत."

रणजीत उठला आणि आतून एक फाइल घेऊन आला. पहिलंच पान उघडून त्यानं ताटाशेजारी ठेवलं. लायसन्स. त्यावर तिचं नाव, तिचा आधार नंबर, खाली तिची सही. चहा टाकून ठेवल्यावर घाईघाईत केलेली ती सही तिला आठवली.

"पोलीस आले तर कुणाकडे येतील? माझ्याकडे?" त्याचा आवाज मऊ होता. "मी तुला घाबरवत नाहीये मंजू. मी तुला वाचवतोय. घाणा आजपासून बंद. नवीन विक्री नाही. विकलेलं संपून जाईल, लोक बरे होतील. कुणाला कळणारही नाही."

"ते तेल खाऊन बरे कसे होतील?"

शालनबाईंनी तिच्या ताटात भाकरी वाढली. "जेव आधी," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घर तिच्याभोवती आवळत गेलं. स्कूटी सर्व्हिसिंगला गेली. मागच्या दाराला कुलूप लागलं, कारण म्हणे खोल्यांतली माणसं उगाच येतात. मोबाइल तिच्याजवळच होता, पण ती बोलू लागली की शालनबाई भाजी निवडायला शेजारी येऊन बसत. त्यांच्या वागण्यात दुष्टावा नव्हता. भीती होती, आणि मंजुषाला ती भीती ओळखीची वाटत होती, कारण तीच तिच्याही पोटात होती. मोबाइलवर अन्न खात्याच्या तक्रारीचा अर्ज तिनं दोनदा उघडला. दोन्ही वेळा पहिला रकाना एकच होता: विक्रेत्याचं नाव. अंगठा तिथे पोचला की पोलीस ठाण्याचं बाकडं, वर्तमानपत्रातला लेबलवरचाच फोटो, खाली मान घातलेले वडील असं सगळं एकदम डोळ्यांपुढे यायचं. ती मोबाइल उपडा ठेवायची.

ती रणजीतला परत बोलली. सकाळी तो बूट घालत असताना, आणि नंतर फोनवर. फोनवर तो म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे," आणि मागे कुणीतरी क्रिकेटचा स्कोर विचारत होतं.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली खोल्यांसमोर गलका झाला. दत्तोबा आणि दोन कामगार दुर्गाबाईला उचलून रिक्षात बसवत होते. तिचं तोंड उघडं होतं आणि ती पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा श्वास ओढत होती. मंजुषानं वरून हाक मारली, "दत्तोबा, कुठे नेताय?" त्यानं वर बघितलं, दवाखान्याचं नाव ओरडून सांगितलं, आणि रिक्षा निघाली.

मंजुषा खाली आली. दाण्यांची पुडी आणि तेलाची एक बाटली पिशवीत टाकली. फाटकाला कुलूप होतं. किल्ली शालनबाईंच्या कमरेला.

"आई, किल्ली द्या."

"रणजीत येऊ दे."

"तोवर ती बाई मरेल."

"आन तू जेलात गेलीस म्हंजी? मग मी लोकांना काय सांगू?" शालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरा, आपलं घर हाय हे."

पडवीत पेपर वाचत बसलेले सोपानराव उठले. बायकोपुढे हात केला.

"दी किल्ली."

"त्येला इचारल्याबिगर?"

"दी म्हणतो ना."

त्यांनी स्वतः कुलूप काढलं. मंजुषा बाहेर पडताना ते हळूच म्हणाले, "माझं नाव घेऊ नगंस, पोरी." आणि आतून फाटक परत लावून घेतलं.

ती सहा आसनी रिक्षात दाटीवाटीनं बसून दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कोटावर नावाची पाटी आणि डोळ्यांखाली जागरण. त्यांच्यासमोर दुर्गाबाईचे रिपोर्ट होते. किडनी ठीक, लिव्हर ठीक, तरी फुप्फुसांत पाणी.

"तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?" मंजुषानं विचारलं.

डॉक्टरांनी मान वर केली. "सकाळपासून म्हणत होती असं नवरा सांगतो. तुम्हाला कसं माहीत? पेशंटच्या कोण तुम्ही?"

"तेल माझं आहे," मंजुषा म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. कुठेही न अडखळता, वर्गात सांगायची तसं. झाड, बोंड, जाळीदार बी, शंभरात सहा. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि तिला घेऊन खालच्या लॅबमध्ये गेल्या. तिथल्या माणसानं परीक्षानळीत थोडं तेल घेतलं, त्यात जपून नायट्रिक आम्ल सोडलं आणि नळी हलवून स्टँडला लावली. तिघंही बघत राहिले. खाली आम्लाच्या थरात रंग चढत गेला, आधी नारिंगी, मग विटकरी.

"पक्कं प्रयोगशाळाच सांगेल," डॉक्टर म्हणाल्या, "पण उपचार मी आत्ताच बदलते. आणि हे मला कळवावं लागेल. तुमचं नाव लिहू?"

टेबलावर बाटली होती. बाटलीवरची मंजुषा हसत होती.

"लिहा."

"तुम्ही स्वतःहून आलात असंही लिहिते. झाला तर उपयोग होईल."

संध्याकाळपर्यंत अन्न खात्याची गाडी आणि पोलीस निघोज्यात आले. घाण्याला सील लागलं. खोल्यांतून, टपऱ्यांवरून बाटल्या गोळा झाल्या. एकतीस माणसांचे पाय सुजलेले निघाले. बहुतेक जण तेल बंद होताच महिन्याभरात सावरले. पण खोली नंबर नऊमधला महतो नावाचा वेल्डर त्याच आठवड्यात सुट्टी काढून गावी निघाला होता. जाताना आईसाठी दोन बाटल्या बरोबर नेल्या होत्या. तो वाटेतच, रेल्वेच्या डब्यात, गेला. बातमी दहा दिवसांनी आली. तो कधी निघाला हे मंजुषानं दत्तोबाला विचारलं. ती घरात बसली होती त्या तीन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यानंतर कितीतरी दिवस ती हा हिशोब मांडत राहिली आणि उत्तर दर वेळी तेच येत राहिलं. त्याच्या सामानातल्या बाटल्या तरी रेल्वे पोलिसांनी आईपर्यंत पोचू दिल्या नाहीत, हाच एक दिलासा.

दुर्गाबाई वाचली. उजव्या डोळ्याची नजर मात्र अधू झाली. मंजुषा भेटायला गेली तेव्हा ती खाटेवर बसून डाव्या डोळ्यानं तांदूळ निवडत होती.

"ताई," ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून जगले म्हणू, का तुमच्या तेलानं मरायला टेकले म्हणू? मला तर काही सुधरंना गेलंय."

मंजुषानं सुपातले खडे वेचायला सुरुवात केली. दुर्गाबाईनं तिला थांबवलं नाही. पुढच्या महिन्यात नवराबायको खोली सोडून देहूरोडला राहायला गेले.

खटला खेडच्या कोर्टात उभा राहिला. आरोपी नंबर एक मंजुषा, नंबर दोन रणजीत. दोघांना जामीन मिळाला. जामीनदार सोपानराव, पत्ता निघोज्याचा. माहेरून आईनं फोनवर रडून "इकडे निघून ये" म्हटलं, पण वकिलानं सांगितलं, पत्ता बदलायचा तर कोर्टाची परवानगी लागेल, आणि घर सोडलंत तर दुसरी बाजू त्याचा वेगळाच अर्थ लावेल. म्हणून ती त्याच घरात राहिली. त्याच स्वयंपाकघरात, त्याच पडवीत. रणजीत तिच्याशी गरजेपुरतं बोलायचा. शालनबाई आधीसारखंच वाढायच्या, फक्त "जेव" म्हणायच्या थांबल्या होत्या. सोपानरावांनी त्या फाटकाचा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि तिनंही त्यांचं नाव कुठे घेतलं नाही.

तारखेच्या दिवशी दोघं एकाच गाडीतून जायचे. पाचव्या तारखेहून परत येताना चाकणच्या तळेगाव चौकाच्या अलीकडे गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, दोन्ही बाजूंना शिफ्टच्या बसेस. अर्धा तास झाला तरी चाक हललं नव्हतं. रणजीतनं ड्रायव्हरला पाणी आणायला पाठवलं आणि तो गेल्यावर म्हणाला, "वकिलांनी एक मार्ग काढलाय."

तिनं आपल्या बाजूची काच वर केली.

"मोहरी बाहेरून विकत घेतली होती असं सांगायचं. व्यापाऱ्याची पावती तयार होईल. मग भेसळ त्याची, आपली नाही. दोघंही सुटू. तुला फक्त एवढंच म्हणायचंय, की शेतातली मोहरी घरी खायला ठेवली होती, घाण्याला गेलीच नाही."

"कुठल्या व्यापाऱ्याची पावती?"

"आहे एक. धंदा बंद केलेला माणूस आहे. त्याला काय फरक पडतो?"

मंजुषा समोरच्या कंटेनरच्या मागच्या दाराकडे बघत होती. सुटका इतकी जवळ होती की हात लावता आला असता. पाचच वाक्यं. त्यानंतर पत्ता बदलता येईल, वडिलांसमोर उभं राहता येईल, कदाचित पुन्हा एखाद्या वर्गात खडू हातात घेता येईल.

"मी बांधावर गेले होते," ती म्हणाली. "बोंड मी हातानं फोडलं होतं."

"ते कोर्टाला कोण सांगतंय? तुला कुणी विचारणारच नाही."

"विचारलं तर सांगेन."

"आणि नाही विचारलं तर?"

महतोच्या आईचं नाव काय असेल, असा प्रश्न तिच्या मनात आला. ते आरोपपत्रात कुठेच नव्हतं.

"तरी सांगेन," ती म्हणाली.

रणजीतनं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर टेकलं. ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन गाड्यांच्या फटींतून वाट काढत परत येत होता. पुढचा कंटेनर दोन हात सरकला आणि पुन्हा थांबला.